पुणे–नागपूर ६०५ किलोमीटर, मग दीड तास कसला?

उंबरठा

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण घरात त्यावरून दोन दिवस धुसफूस चालू आहे.

आई नागपूरला, महालात. मी पुण्यात, वाकडला. आईचं वय ७१, गुडघे कुरकुरतात, विमानात आजवर बसलेली नाही. दर हिवाळ्यात ट्रॅव्हल्सच्या स्लीपरने येते आणि पुढचे दोन दिवस कंबर धरून बसते. यंदा तिला विमानाने आणायचं माझ्या मनात आहे. दादाचं म्हणणं, वंदे भारत आहे ना आता, दिवसाची गाडी, जेवण जागेवर, उगाच विमानाचे लाड कशाला.

वाद सुरू झाला अंतरावरून. एका संकेतस्थळावर पुणे विमानतळ ते नागपूर विमानतळ ६०५ किमी, उड्डाणाला ४५ मिनिटं असं दिसतं. तिकिटावर मात्र १ तास २५ मिनिटं. दादा म्हणतो अंतर ८८१. शेजारचे काका गाडीने जातात, ते म्हणतात सातशेच्या वर. दोन गावं तीच, मग अंतरं तीन कशी? आणि मधली ४० मिनिटं विमान करतं काय?

खरा प्रश्न शेवटी विचारते: आईला घरून निघून घरी पोचायला किती वेळ लागेल?

तिरकस

४० मिनिटं विमान रांगेत उभं असतं. पुण्यात येणाऱ्या प्रत्येकाला रांग लागते, विमान काय सुटतंय होय!

गणिती_काका

तिन्ही अंतरं बरोबर आहेत. ६०५ हे पृथ्वीच्या गोल पाठीवरून दोरी ताणली तर भरेल तेवढं अंतर. लोहगाव, म्हणजे पुण्याचं विमानतळ, साधारण १८.५८ उत्तर, ७३.९२ पूर्व. सोनेगाव, म्हणजे नागपूरचं, २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी धरून सूत्रात घातलं की ६०५ येतं. घाईत असाल तर पायथागोरसही चालेल. अक्षांशातला फरक अडीच अंश. रेखांशातला फरक ५.१३ अंश, त्याला २० अंशाच्या कोसाइनने गुणलं की ४.८२. कर्ण ५.४४ अंश आणि एक अंश म्हणजे १११ किमी. वहीच्या मागच्या पानावर होतं.

आणि ते ४५ मिनिटं म्हणजे ६०५ भागिले ८००. बाकी काही नाही. ते संकेतस्थळ विमानाला बंदुकीची गोळी समजतंय, सुटल्या क्षणी ८०० चा वेग आणि पोचल्या क्षणी शून्य.

डाऊन_लाइन

धागाकर्तीच्या दादांना माझा पाठिंबा, ८८१ आमचं. रेल्वेत ३४ वर्षं काढली, म्हणून थोडं लांबण लावतो.

नकाशा काढा. पुण्याहून नागपूर ईशान्येला, थोडं पूर्वेकडे झुकून. गाडी मात्र दौंडपर्यंत जाते, तिथून उत्तरेला वळून नगर, कोपरगाव करत मनमाड गाठते. मग जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू चालून जायचं, कर्ण कुणी बांधलाच नाही. मुंबईहून भुसावळमार्गे नागपूरपर्यंत रूळ १८६७ ला पोचले ते मुंबईच्या सोयीने, कापसासाठी. पुण्याला नागपूरला जायचं असेल हा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात असण्याचं कारण नव्हतं. आम्ही अजून त्याच रुळांवर आहोत.

पूर्वी दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे. तेवढ्या वेळात माणूस उतरून वडा खाऊन, पाणी भरून परत चढायचा. आता कॉर्ड लाइनवरून गाडी बाहेरच्या बाहेर वळते. वेळ वाचला, वडा गेला.

वंदे भारत १० ऑगस्ट २०२५ ला सुरू झाली. अजनी (नागपूरचंच स्टेशन) ते पुणे १२ तास, सरासरी ७३ चा वेग.

तिरकस

वडा गेला याबद्दल दोन मिनिटं शांतता.

जमिनीवरचा

विमान कंपनीत डिस्पॅचला होतो, म्हणजे विमान उडायच्या आधी कागदावर उडवणारा माणूस. मधल्या ४० मिनिटांचा हिशेब देतो.

पहिली गोष्ट, तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतो. तो ब्लॉक टाइम. विमान जागेवरून मागे ढकललं जातं तिथे घड्याळ सुरू आणि पलीकडे जागेवर येऊन चाकाला गुटके लागले की बंद. यात इंजिन सुरू करणं, धावपट्टीच्या टोकापर्यंत सरपटत जाणं, पुढच्याचं उड्डाण होईपर्यंत थांबणं, उतरल्यावर परत सरपटणं, सगळं आलं. दोन्ही बाजूंचं मिळून १५ ते २५ मिनिटं सहज.

दुसरी गोष्ट, वेग. पस्तीस हजार फुटांवर जायला वीसेक मिनिटं लागतात आणि तेवढ्यात साधारण दोनशे किमी मागे पडतात. उतरायचा ठोकताळा असा की दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. म्हणजे पस्तीस हजारांवरून खाली यायला १०५ नॉटिकल मैल, जवळजवळ १९५ किमी आधी नाक खाली करावं लागतं. आता ६०५ मधून चढण आणि उतरण वजा करा. सपाटीवर, पूर्ण वेगात, विमान उडतं ते जेमतेम दोनशे किमी. पंधरा मिनिटं. विमान वर पोचलं म्हणेपर्यंत खाली निघतं. कर्मचारी मुली गाडा ढकलत धावत का असतात ते कळलं ना? चहा देऊन कप गोळा करेपर्यंत पट्टे बांधायची सूचना येते.

तिसरी गोष्ट, विमान सरळ रेषेत जात नाही. प्रत्येक विमानतळावरून बाहेर पडायच्या आणि आत यायच्या वाटा ठरलेल्या असतात. लोहगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम. पश्चिमेकडे तोंड करून उडालात तर आधी नागपूरकडे पाठ करून जायचं, मग वळायचं. नागपूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय. आग्नेयेकडून उतरायला सांगितलं तर शहराला वळसा घालून पलीकडे जायचं आणि मग परत तोंड फिरवायचं. त्यामुळे ६०५ चे साडेसहाशे कधी झाले कळत नाही.

चौथी गोष्ट उघड बोलत नाहीत, पण सगळ्यांना माहीत आहे. कंपन्या वेळापत्रकात थोडी हवा भरून ठेवतात. ठरल्या वेळेच्या १५ मिनिटांच्या आत पोचलं तर ते वेळेवर धरतात. मग दहा मिनिटं आधीच जास्त लिहून ठेवलेली काय वाईट?

उंबरठा

@जमिनीवरचा, दंडवत! म्हणजे ६०५ पैकी दोनशेच किलोमीटर विमान खऱ्या अर्थाने विमानासारखं उडतं! हे दादाला सांगितलं तर तो म्हणेल मग दोनशे किलोमीटरचेच पैसे द्या.

पंखा_बंद_करा

वारा राहिला की.

जमिनीवरचा

राहिला खरा. थंडीत वर पश्चिमेचा जोरदार वारा असतो, त्यामुळे पुण्याहून नागपूरला जाताना पाठीवर हात आणि येताना छातीवर. जुलै-ऑगस्टमध्ये उलट, उंचावर वारे पूर्वेकडून येतात. एवढ्याशा प्रवासात फरक चार-सहा मिनिटांचा पडतो, पण पडतो.

जर्सीकर

आमच्याकडे हाच फरक तासात मोजतात. मुंबई–न्यूअर्क दोरी ताणून १२,५४५ किमीच्या आसपास. पहिल्यांदा आलो तेव्हा वाटलेलं अमेरिका म्हणजे पश्चिम, तर विमान अरबी समुद्रावरून सरळ जाईल. समोरच्या पडद्यावर बघतो तर स्वारी उत्तरेकडे. घाबरून शेजाऱ्याला विचारलं, हे दिल्लीला थांबणार आहे का?

दोरी गोलावर ताणली की ती मुंबईहून वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकून निघते आणि ६५ अंश अक्षांशापर्यंत वर चढून मग खाली येते. म्हणजे आइसलंडची पातळी. अर्थात दोरीवरून जायला कोण देतंय? एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद आहे, तिथून लांब वळसा. भूमितीत मावत नाही ते राजकारणात मोजा.

गणिती_काका

@जर्सीकर, बरोबर. पुणे–नागपूरला मात्र हा गोलपणा जाणवत नाही. सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तरी फरक किलोमीटरभरसुद्धा पडायचा नाही. उगाच कुणी सांगू नका की विमान वाकडं जातं म्हणून वेळ लागतो.

खिडकीवाला

रेघ मारलीच आहे तर नीट बघा. पुणे–नागपूर रेघेच्या बरोब्बर मध्यावर, डावीकडे १४-१५ किमीवर काय येतं? लोणार!

माझा छंद आहे हा. पुण्याहून जाताना डावीकडची खिडकी, पंखाच्या पुढची. आधी जायकवाडीचा नाथसागर, उन्हात पत्र्यासारखा चमकतो. मग दहा-बारा मिनिटं सगळं तपकिरी, आणि मग एकदम ते विवर. पावणेदोन किमी व्यासाचं, वरून बटणाच्या भोकाएवढं. कडेने गडद झाडी, मध्ये हिरवट पाणी. आठ वेळा गेलो, तीनदा दिसलं. एकदा ढग, एकदा पंख, एकदा वाट वेगळी आणि दोनदा झोप. येताना अर्थात उजवीकडे बसायचं. आईंना खिडकी द्याच.

गणिती_काका

३+१+१+१+२ = ८. हिशेब जुळला, बसा.

वऱ्हाडी_ठेचा

त्या रेघेवर लोणारच्या पुढं पाहा बरं काय येते. वाशीम! आमचं गाव. रेघ डोक्यावरूनच जाते बाप्पा.

रोज सकाळी गच्चीवर दात घासता घासता पाह्यतो म्या. पांढरी रेघ ओढत चालले पुण्याचे सायब. आमचा मावसभाऊ त्यात बसून जाते पुण्याले. वाशीमहून तीन-साडेतीन घंटे गाडीनं नागपूर, तिथून इमानात बसला का परत आमच्या डोक्यावरून वापस. म्हणजे पुढं जायाले आधी मागं जा. मावशी म्हणते, खाली वाकून हात तरी दाखवत जाय.

तिरकस

@वऱ्हाडी_ठेचा, धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. वाशीमला विनंतीथांबा द्या.

बेलोरा_एक्स्प्रेस

हसू नका, आमच्या अमरावतीला झालंच की शेवटी. १६ एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याहून मुंबईचं विमान. ७२ आसनी, पंख्याचं. ते पाचशेच्या आसपास वेगाने जातं, म्हणून त्यावरचा वेळ जेटशी ताडू नका. अंतर तेवढंच असलं तरी विमान कोणतं ते बघावं लागतं. पुण्याचं अजून नाहीच.

रात्रीचा_राजा

इतकं वाचलं, पण कुणी मुद्द्याचं बोलेना. विमानाने घर ते घर सहा तास लागतात, आणि हे सहाही तास जागेपणीचे. रांगेत उभं राहा, बूट काढा, पट्टा काढा, बॅग उघडा. मी १२ वर्षं हिंजवडी–नागपूर स्लीपरने करतोय. रात्री साडेसातला चढायचं, जेवून पडदा ओढायचा, सकाळी आठला वर्धा रोड. माझ्या दिवसातला शून्य वेळ गेला. समृद्धी झाल्यापासून तर संभाजीनगरच्या पुढे खड्डाही लागत नाही. विमान दोन तास खातं की पाच ते सोडा, माझा दिवस खातं. बस फक्त रात्र खाते.

कोथरूडची

@रात्रीचा_राजा, तुम्ही ३५ चे असाल. ७१ व्या वर्षी वरच्या बर्थवर चढून दाखवा. आणि बाईमाणसाला रात्री दोन वाजता ढाब्यामागच्या त्या बाथरूममध्ये जाऊन या म्हणावं एकदा. माझी आई बसमध्ये बसायच्या आधी दुपारपासून पाणी पिणं बंद करायची. तो वेळ तुमच्या शून्यात धरलात का?

रात्रीचा_राजा

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मुद्दा मान्य. (वय ३८, आणि हल्ली मीही खालचा बर्थ घेतो.)

समृद्धीवाला

शेजारच्या काकांचे सातशे बरोबर आहेत. पुणे, नगर, संभाजीनगर, तिथून समृद्धी. दहा तास धरा, दोन थांबे घेऊन. त्यातला पुणे ते संभाजीनगर हा भाग अर्ध्या प्रवासाएवढा जीव खातो. वाघोलीतून बाहेर पडलात की अर्धं नागपूर आलंच समजा.

वंदे भारतच्या १२ तासांपेक्षा गाडी लवकर पोचते, पण समृद्धीवर सरळसोट रस्त्याने डोळा लागतो. एकट्याने रात्री चालवू नका, कळकळीने सांगतो.

सोनेगावकर

मी सहसा नुसता वाचतो. पण नागपूरच्या विमानांचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

आज नागपूर हे विमान पकडून दुसरीकडे जायचं ठिकाण आहे. एके काळी देशातली विमानं नागपूरला भेटायला यायची. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही दिशांनी रात्री विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला उतरायची. टपालाच्या थैल्या एकातून काढून दुसऱ्यात, उतारूही एकातून दुसऱ्यात, आणि पहाटेच्या आत सगळी परत आपापल्या गावी. दिल्लीत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासला. नकाशाच्या मध्यावर असण्याचा एवढा चोख उपयोग नागपूरचा नंतर कुणी केला नाही, असं माझं स्पष्ट मत.

वडील टपाल खात्यात होते, त्या पाळीवर कधीकधी असायचे. ते सांगायचे, हिवाळ्यात रात्री एकच्या थंडीत थैल्या फेकताना तोंडातून वाफ निघायची. आणि चार विमानांचे उतारू एकाच खोलीत चहाला बसायचे, एक बंगाली, एक तमिळ, एक पंजाबी, आणि चहा देणारा आमचा महालातला. वडील घरी सकाळी यायचे ते अंगाला विमानाच्या तेलाचा वास घेऊन. आई आंघोळीचं पाणी तापवून ठेवायची, त्याशिवाय स्वयंपाकघरात पाय ठेवू द्यायची नाही.

उंबरठा

@सोनेगावकर काका, आमचं घरही महालातच. आईला वाचून दाखवला तुमचा प्रतिसाद. ती म्हणाली तिच्या मामांकडून तिने हेच ऐकलंय, रात्री घरघर आली की 'डाक आली' म्हणायचे.

डाऊन_लाइन

व्वा, सोनेगावकर. लिहीत जा हो.

सासवडकर

पुण्याच्या विमानतळावर चर्चा चालली आहे म्हणून. लोहगाव हवाई दलाचं. धावपट्टी त्यांची, नियंत्रण त्यांचं, नागरी विमानांनी मधल्या वेळात यायचं-जायचं. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी १४ दिवस एकही विमान उडालं नव्हतं, आठवत असेल. म्हणून पुरंदरला नवं हवं, हे सगळे म्हणतात. ते 'हवं' आमच्या सात गावांवर येतं. पारगावात माझ्या मामाची सीताफळाची बाग आहे. तुमचा अर्धा तास वाचेल की नाही हेही नक्की नाही, कारण वाकडहून पुरंदर काही जवळ नाही. असो. धागा वेगळा आहे, इथेच थांबतो.

हिंजवडीतून_सुटका

@सासवडकर, वेगळा धागा काढाच, वाचायचंय.

कोथरूडची

आता धागाकर्तीच्या खऱ्या प्रश्नाकडे या. सासूबाईंना तीनदा आणलंय, त्यावरून सांगते.

तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, पैसे पडत नाहीत. लाजू नका. आई म्हणतील 'मी काय पांगळी आहे का', तर सांगायचं की ही खुर्ची चालायची नाही, रांग चुकवायची आहे. बहुतेक कंपन्यांचे काउंटर ६० मिनिटं आधी आणि गेट २५ मिनिटं आधी बंद होतं, त्यामुळे पावणेदोन तास आधी पोचलात तर धावपळ नाही.

महाल ते विमानतळ अर्धा तास. मेट्रोही आहे, पण स्टेशन वर्धा रोडवर बाहेर आहे आणि सामान घेऊन गुडघेदुखीवालीने त्या फंदात पडू नये. पुण्यात उतरल्यावर टॅक्सी शेजारच्या पार्किंगच्या इमारतीतून घ्यायची, तिथपर्यंत खुर्ची नेतील का ते आधी विचारून ठेवा.

आणि सामान तुम्ही स्वतः तपासा. आमच्या सासूबाईंच्या पिशवीतून सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या निघाल्या. खोबऱ्यात तेल, तेल पेटतं, म्हणून चालत नाही. सुरक्षा तपासणीतल्या पोरीशी त्यांनी दहा मिनिटं हुज्जत घातली की हे नैवेद्याचं आहे.

तिरकस

१५ किलोत सांबार वडीचं पीठ किती, संत्रा बर्फी किती आणि कपडे किती, याचा प्रमाणित तक्ता कुणीतरी द्या.

वऱ्हाडी_ठेचा

कपडे अंगावर घालाचे. पिशवीत बर्फी.

उंबरठा

*(नऊ दिवसांनी)*

धागा वर काढते, कारण आकडे आणलेत.

दादाशी तह झाला. मी त्याच्या वंदे भारतने नागपूरला गेले आणि आईला घेऊन माझ्या विमानाने परत आले. म्हणजे दोघांचंही झालं आणि तुलनाही झाली.

जाताना वाकडचं घर पहाटे सव्वापाचला सोडलं. गाडी ६.२५ ला सुटली, अजनीला १८.२५. महालात घराची कडी वाजवली तेव्हा सात वाजायला दहा कमी. म्हणजे १३ तास ३५ मिनिटं. गाडी छान, पण भुसावळच्या पुढे पाठ बोलायला लागली माझीच, ४३ व्या वर्षी. आईला अशी बसवली असती तर मला माफ केलं नसतं तिने.

येताना वहीत लिहून आणलंय, @जमिनीवरचा यांच्यासाठी खास. घर सोडलं दुपारी २.५५. विमानतळ ३.२५. तिकिटावरची वेळ ५.१०. जागेवरून हललं ५.०६. चाकं जमिनीवरून सुटली ५.१७. लोहगावला चाकं टेकली ६.१२. जागेवर थांबलं ६.२१. तिकिटावर पोचायची वेळ ६.३५ होती, म्हणजे वैमानिकाने अभिमानाने १४ मिनिटं आधी आणल्याचं सांगितलं आणि लोकांनी कौतुकाने माना डोलावल्या. मी एकटीच हसत होते. बॅग ६.४१, टॅक्सी ७.०५, वाकड ८.३५.

एकूण ५ तास ४० मिनिटं. त्यात हवेत ५५ मिनिटं. लोहगाव ते वाकड, पंचवीसेक किलोमीटर, दीड तास.

आई पूर्ण वेळ उजवीकडच्या खिडकीला नाक लावून होती. मध्ये एकदा माझं मनगट घट्ट धरून म्हणाली, ते बघ लोणार. मला काळपट गोल काहीतरी दिसलं, ढगाची सावलीही असू शकते. ती ऐकायला तयार नाही. मग येरवड्याच्या सिग्नलला टॅक्सी अर्धा तास अडकली तेव्हा म्हणाली, 'विमान इतक्या लवकर आलं, तर इतकी वर्षं मला बसनं कशाला आणून राहिली होती?' यावर उत्तर नव्हतं.

खोबरं काढून ठेवलं होतं. तरी लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत निघालीच.

जमिनीवरचा

५.०६ ते ६.२१, ७५ मिनिटं ब्लॉक. ८५ छापलेली. १० मिनिटं हवा भरलेली होती, आणि तीही समोरून वारा असताना. वहीचा फोटो असेल तर टाका, आमच्या जुन्या गटाला दाखवतो.

खिडकीवाला

५.१७ ला सुटलं तर मध्यावर पावणेसहाच्या आसपास. तेव्हा ऊन तिरपं असतं, विवराच्या आत सावली पडते, म्हणून काळं दिसतं. आईंचं बरोबर आहे. लोणारच.

डाऊन_लाइन

भुसावळनंतर पाठ बोलते हे मान्य. पण दादांना सांगा, गाडी वेळेवर होती हे लिहून ठेवा म्हणावं.

वऱ्हाडी_ठेचा

पावणेसहाले म्या गच्चीवरच होतो ताई. मिरच्या गोळा करून राहिलो होतो. आमच्या डोक्यावरून गेल्या, अन् मावशीनं हात बी नाही दाखवला.

उंबरठा

दाखवला हो. तुमची बाजू डावी होती, आम्ही उजवीकडे बसलो होतो.